काशीत सोडलेली खोली

“बोला यजमान, काय सोडताय?” गुरुजींनी विचारलं, आणि आमच्या बसमधली माणसं किती पोहोचलेली आहेत ते मला त्या सकाळी घाटावर कळलं.

काशीला गेलेल्या माणसानं आपल्या आवडीची एखादी वस्तू गंगेवर सोडून यायची असते. एकदा सोडली की जन्मात पुन्हा तिला हात लावायचा नाही. आमची सहल साखर कारखान्यातल्या निवृत्त मंडळींची. सगळे आयुष्यभर सह्या करण्यात मुरलेले. घोरपडे केमिस्टांनी फणस सोडला. फणस खाल्ला की घोरपडे दोन दिवस पोट धरून पडतात हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक. त्यांच्या मिसेसनी कारलं सोडलं. टाइमकीपर मान्यांनी तपकीर सोडली, जी डॉक्टरांनी दिवाळीतच बंद केली होती. सोडताना जो तो चेहरा असा करत होता, जणू काळजाचा तुकडा तोडून पाण्यात टाकतोय.

मी या सगळ्यांकडे तुच्छतेनं पाहिलं आणि माझी पाळी आल्यावर नवलकोल सोडला.

“फार आवडतो?” गुरुजींनी विचारलं. हे पाटणकर गुरुजी मूळचे आपल्याकडचे. चार पिढ्या काशीत गेल्या तरी मराठी शाबूत होतं आणि नजर तर त्याहून शाबूत होती.

“जीव की प्राण,” मी म्हणालो. नवलकोल शिजवतात की कच्चा खातात, हेसुद्धा मला नक्की माहीत नव्हतं.

रीत अशी होती : यजमानानं उजव्या हातात पाणी घ्यायचं, बायकोनं त्याच्या हाताला हात लावायचा, गुरुजींनी मंत्र म्हणायचे आणि पाणी सोडायचं. बाईची पाळी आली तरी पाणी यजमानाच्याच हातून सुटायचं. माझ्या नवलकोलाचं पाणी सुटलं, आणि गुरुजी माझ्या बायकोकडे वळले.

“बाई, तुम्ही काय सोडता?”

“मी यांचं स्टोअर सोडलं,” शालन म्हणाली.

मागं हशा पिकला. घोरपडे ओरडले, “वहिनी, स्टोअर कशाला? शेवाळ्यांनाच सोडा की! एका फटक्यात काम होईल.”

इथं मला माझं स्टोअर सांगितलं पाहिजे. मी कारखान्याचा स्टोअरकीपर होतो. अख्ख्या नोकरीत कारखान्याचा एक स्क्रूसुद्धा मी घरी आणला नाही आणि त्याची भरपाई म्हणून जगातले बाकीचे सगळे स्क्रू आणले. निवृत्त झाल्यावर बांधलेल्या घरात एक खोली मी त्यासाठीच ठेवली. तिला खिडकी होती, मोरीजवळ होती, सकाळचं ऊन यायचं. घरातली सगळ्यात चांगली खोली. आत रिकामे डबे, दोऱ्या, पत्रे, फळ्या, बंद पडलेली घड्याळं, चालू होऊ शकतील असे पंखे. जगात कुणालाही केव्हाही काहीही लागेल, आणि ते माझ्याकडे असेल, अशी माझी व्यवस्था होती. ते मागायला येणाऱ्याला मी देत नसे, ही गोष्ट वेगळी.

आणि त्याच खोलीवरून आमच्यात वर्षभर धुमसत होतं. शालनची थोरली बहीण, आक्का, विट्याच्या पलीकडे एका गावात एकटीच राहायची. नवरा जाऊन जमाना झाला, मूलबाळ नाही. मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली आणि शेजारणीला कळेपर्यंत दुपार तशीच पडून राहिली. तेव्हापासून शालनचं एकच : आक्काला इकडं आणायचं. मी नाही म्हणालो नव्हतो. मी फक्त विचारायचो, “जागा कुठंय?” आणि शालन स्टोअरच्या दाराकडे बघायची.

“बाई, वस्तू आवडीची पाहिजे,” गुरुजी म्हणाले.

“आवडीचीच आहे. यांच्या.”

“सोडलं म्हणजे आत पाऊल टाकायचं नाही. तिथल्या पसाऱ्याची उठाठेव करायची नाही. जन्मभर.”

“नाही करणार.”

“विचार केलाय ना?”

“लग्न झाल्यापासून तेवढंच करतेय, गुरुजी.”

मीही विचार केला. माझं डोकं अशा वेळी फार जलद चालतं. सोडलेल्या वस्तूवर माणसाला हक्क सांगता येत नाही. म्हणजे शालन आता ती खोली झाडायला मागणार नाही, आवरायला मागणार नाही आणि मुख्य म्हणजे कुणासाठी रिकामी करायलाही मागणार नाही. बाईनं आपल्या हातानं आपला दावा गंगेत बुडवला होता! मी ताबडतोब हात पुढे केला, तिनं माझ्या मनगटाला बोटं टेकवली, आणि पाणी मी इतक्या घाईनं सोडलं की गुरुजींचा मंत्र मागं राहिला.

“सावकाश, यजमान,” गुरुजी म्हणाले. “ट्रेन नाही सुटत.”

परतीच्या प्रवासात मी खुशीत होतो. घोरपड्यांना दोनदा चहा पाजला. एवढं मी सहसा करत नाही.

घरी पोचल्यावर मी सामान सोडलं. गंगाजलाचे रिकामे झालेले कॅन, मिठाईचे खोके, कुणाच्या तरी सामानाची चांगली मजबूत सुतळी, असं प्रवासात जमलेलं घबाड काखेत घेऊन मी स्टोअरकडे निघालो.

“कुठं निघालात?” शालन स्वयंपाकघरातून म्हणाली.

“स्टोअरमध्ये.”

“तुम्ही कसे जाल? सोडलंय ना.”

“तू सोडलंयस. मी नवलकोल सोडलाय.”

“पाणी कुणाच्या हातून सुटलं?”

मी हसलो. “अगं, ती रीत आहे. पाणी माझं, पण संकल्प तुझा.”

ती पदराला हात पुसत बाहेर आली. “एक सांगा. कारखान्यात तुमच्या स्टोअरमधून माल निघाला. मागितला एकानं, स्लिपवर सही दुसऱ्याची. माल कुणाच्या नावावर?”

“सही करणाऱ्याच्या,” मी छाती काढून म्हणालो. हा माझा नियम होता. यावरून मी भल्याभल्या इंजिनिअरांना रडवलेलं होतं. “मागणारा कोणी का असेना, मी सही बघतो. सही ज्याची, तो...”

आणि मग मी थांबलो.

“हं,” शालन म्हणाली आणि आत गेली.

मी कॅन खाली ठेवले आणि पाटणकर गुरुजींना फोन लावला. स्पीकर शालननं बाहेर येऊन चालू केला.

“गुरुजी, शेवाळे बोलतोय. नवलकोल.”

“हो हो, नवलकोल! बोला.”

मी शंका मांडली. गुरुजींनी घसा साफ केला. “यजमान, तिनं तुमच्या हाताला हात लावला म्हणजे दोघं एक झालात. पाणी तुमच्या हातचं. स्टोअर दोघांचं सुटलं. तसा नवलकोलही दोघांचा सुटला.”

“मला चालेल,” शालन फोनकडे तोंड करून म्हणाली.

“पण गुरुजी, घरातली निम्मी चीजवस्तू आत आहे! रजया आत, गव्हाची कोठी आत, भरलेला सिलेंडर आत. काय थंडीत कुडकुडत बसायचं?”

“तिसऱ्या कुणी बाहेर काढून दिली तर वापरा. वापरायला दोष नाही. साठवली की ते झालं स्टोअर.”

“आणि खोली? ती कायमचीच गेली?”

“तुम्ही खोली नाही सोडली, स्टोअर सोडलंत. आत काही उरलं नाही तर स्टोअर कसलं? मग खोली ती खोली. एक वस्तू जरी राहिली, तरी मात्र स्टोअर आहेच. ठेवू फोन? पिंडाला मंडळी थांबलीत.”

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनावर घ्यायचं? सरळ आत जायचं. मीही तेच ठरवलं. दुपारी शालन डोळा लागून पडलेली बघून मी कडी काढली आणि उंबऱ्यावर पाय उचलला. तेवढ्यात माझ्या गुडघ्यात अशी सणक आली की मी चौकट धरून उभा राहिलो. बसच्या प्रवासानं आली असेल. पण गंगेशी डोकं लावून बघायची माझी तयारी नव्हती. मी कडी लावली. झोपायच्या खोलीतून शालन म्हणाली, “बाम कपाटात आहे.”

थंडी कडाक्याची पडली होती. आम्ही दोघं चादरीवर चादर घेऊन झोपायचो आणि तिच्यावर माझा कारखान्याचा युनिफॉर्मचा कोट. घोरपडे चहाला आले तर म्हणाले, “त्यात काय शेवाळे, मी जातो आत, काढून देतो.”

“नको नको!” मी जवळजवळ ओरडलोच. घोरपडे कित्येक वर्षं माझ्याकडे लांब शिडी मागत होते आणि ती मोडलीय असं मी सांगत आलो होतो. ती दाराच्या आतच ठणठणीत उभी होती. कॉलनीतल्या एकेका माणसाचा विचार करून पाहिला. जो तो असा निघाला की त्यानं माझ्याकडे काहीतरी मागितलेलं आहे, आणि मी नाही म्हणालेलो आहे, आणि ते आत आहे. आत पाठवायला कॉलनीबाहेरचं माणूस पाहिजे होतं. विश्वासाचं, घरचं आणि काशीला न गेलेलं.

मी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी सिलेंडर संपत आला.

“शालन,” मी म्हणालो, “मी काय म्हणतो, आक्कांना बोलवूया का? चार दिवसांसाठी.”

शालन भाकरीचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, “जागा कुठंय?”

माझंच वाक्य, माझ्याच चालीत. मी ते मुकाट्यानं गिळलं. “हॉलमध्ये दिवाण आहे की.”

“मग करा फोन.”

“मी?”

“मी मागं दोनदा बोलावलं तिला. दोन्ही वेळा तुमची अडचण आली. आता कुठल्या तोंडानं बोलवू?”

मी केला.

“मी न्हाई बाबा येत,” आक्का म्हणाल्या. “तुमच्यात जागा न्हाई म्हणं.”

“कोण म्हणालं असं?”

“तुमीच म्हणलासा की, दिनकरराव. दिवाळीत.”

“ते तसं नव्हतं, आक्का. आता काम निघालंय. तुमच्याशिवाय होणार नाही.” आणि मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं फोन कटला. मग कळलं, त्या हसत होत्या.

“काम आसंल तर येते,” त्या म्हणाल्या. “काम झालं की माझी मी माघारी. फुकाट बसून खायाला मी कुनाच्यात ऱ्हात न्हाई.”

आक्का आल्या त्या दुपारच्या एसटीनं. काटकुळ्या, काठी टेकत. पण तोंड खणखणीत. चहा झाला आणि त्यांनी पदर खोचला. मी उंबऱ्याच्या अलीकडे खुर्ची टाकून बसलो. आत काय कुठं आहे ते मला डोळे मिटून सांगता येत होतं, निदान तसा माझा समज होता.

“डावीकडची मांडणी. वरून दुसरं फळकूट. निळ्या गाठोड्यात रजया.”

आत खडखडाट झाला. “निळ्या गठुड्यात पडदं हायती. फाटकं.”

“मग त्याच्या मागचं बघा.”

“ह्यात डब्याची झाकनं. डबं कुठायती?”

“डबे गेले.”

“आन् झाकनं ऱ्हायली?”

रजया शेवटी सापडल्या, मी सांगितलेल्या जागेच्या बरोबर समोरच्या भिंतीला. आक्का बाहेर आल्या ते एका काखेत रजया आणि दुसऱ्या हातात काळ्या काड्यांचा भारा घेऊन.

“दिनकरराव, ह्यो सांगाडा कशाचा?”

“छत्रीच्या काड्या आहेत. ठेवा, ठेवा. लागतात.”

“कशाला?”

आता, कारखान्यात माझ्या खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस “आहे का?” असं विचारायचा. “कशाला?” हे मी विचारायचं असे. हा प्रश्न माझ्याकडे कधी कुणी टाकलाच नव्हता, त्यामुळे उत्तराची मला सवय नव्हती.

“कशालाही लागू शकतात,” मी म्हणालो.

“वाटंत येत्यात,” आक्का म्हणाल्या आणि भारा बाहेर कट्ट्यावर ठेवून आल्या.

मी उठलो आणि तो उचलून परत आणला. पण परत आणून ठेवणार कुठं? आत मला जाता येत नव्हतं. आक्कांना म्हणालो, “आत ठेवा.” त्या म्हणाल्या, “काढायचं काम सांगितलंय मला, ठिवायचं न्हाई.” मी भारा हॉलच्या कोपऱ्यात उभा केला.

“तिथं ठेवू नका हं,” शालन म्हणाली. “साठवलं की स्टोअर झालं म्हणालेत गुरुजी. मग मला हॉलही सोडावा लागेल. आणि तुम्हालाही.”

मी भारा हातात घेऊन घराच्या मध्यभागी उभा राहिलो. माझ्या स्वतःच्या घरात छत्रीच्या काड्या ठेवायला मला जागा नव्हती. शेवटी भारा कट्ट्यावर गेला, आणि संध्याकाळी बाजारात छत्र्या दुरुस्त करायला बसणारा एक जण तो घेऊन गेला. जाताना मला रामराम करून गेला. मी हात वर केला, पण मनापासून नाही.

पुढं हीच पद्धत पडली. घरातलं काहीतरी लागायचं, आक्का आत जायच्या, आणि वाटेत येणारं एकेक बाहेर यायचं. सिलेंडर त्यांनी गडगडवत उंबऱ्यापर्यंत आणला, त्याच्या वाटेत पंखे आले. गव्हाच्या कोठीच्या वाटेत तर इतकं आलं की कट्टा भरून अंगणात गेलं. आक्का प्रत्येक वस्तू उचलून मला दाखवायच्या. मी म्हणायचो “चालू आहे.” त्या म्हणायच्या “चालवून दावा.” मग वस्तू कट्ट्यावर जायची. कॉलनीतली माणसं फिरायला निघाली की आमच्या फाटकाशी रेंगाळू लागली.

एके सकाळी शिडी बाहेर आली. नेमके घोरपडे दूध घेऊन चालले होते.

“शेवाळे! ही तर मोडलीय ना?”

“दुरुस्त झाली,” मी म्हणालो.

“कधी?”

“आत्ताच. न्यायची तर न्या, नाहीतर पुन्हा मोडेल.”

घोरपड्यांनी दुधाची किटली माझ्या हातात दिली आणि शिडी खांद्यावर घेऊन अक्षरशः पळत गेले. किटली न्यायला परत आले तेव्हा बसले, चहा प्यायले, आणि कारखाना नवा होता तेव्हाच्या गोष्टी निघाल्या. इतकी वर्षं हा माणूस माझ्या घरी आला की मी मनात दचकून असायचो, हा आता शिडी मागणार. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचं बोलणं नीट ऐकलं. माणूस बरा आहे. थोडा लांबण लावतो.

मी सुधारलो असं कुणी समजू नये. प्रत्येक वस्तू फाटकाबाहेर जाताना मी तिच्या मागून चार पावलं जायचो आणि सूचना द्यायचो. जुनं टेबल नेणाऱ्या शाळेच्या बाईंना मी सांगितलं, तिसरा पाय हलतो, खाली कागदाची घडी घाला. कोणत्या जाडीची, तेही सांगितलं. रात्री झोपताना मात्र शालनला म्हणायचो, “उद्या कुणाला टेबल लागलं तर?” ती म्हणायची, “शाळेत मिळेल.”

मग एक दिवस आक्का आतून म्हणाल्या, “शालन, ह्ये तुजं हाय का गं?”

त्यांनी फरफटत दारापर्यंत आणलं ते शिलाई मशीन होतं. पायडलचं, शालनच्या माहेरचं. वर मीच मेणकापड घालून, सुतळीनं घट्ट बांधून ठेवलेलं.

शालन उंबऱ्यापाशी आली.

“मला वाटलं तुम्ही विकलंत,” ती मला म्हणाली.

“विकेन कसा? तुझं मशीन! मी जपून ठेवलं होतं. धूळ बसू नये म्हणून गुंडाळलं. उंदीर लागू नयेत म्हणून त्याच्यापुढे फळ्या लावल्या, आणि फळ्या पडू नयेत म्हणून...”

“मी विचारलं होतं तुम्हाला, मशीन कुठंय म्हणून.”

“मी म्हणालो ना, आहे.”

“हो,” ती म्हणाली. “आहे म्हणालात.”

मशीन व्हरांड्यात गेलं. त्याला तेल मी घातलं. तेल माझ्याकडे होतं. म्हणजे आक्कांनी काढून दिलं. त्या संध्याकाळपासून घरात खडखड सुरू झाली, आणि मी आक्कांना, वाटेत आलेलं काही दाखवू नका, सरळ बाहेर ठेवा, असं सांगून टाकलं.

संक्रांतीच्या सुमाराला खोली रिकामी झाली. मांडण्यासुद्धा नेणाऱ्यांनी उचलून नेल्या. आक्कांनी फरशी धुतली, खिडकी उघडली, आणि ऊन थेट आमच्या जेवणाच्या खोलीपर्यंत आलं. शालननं उंबऱ्यावर उभं राहून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आता मी काय म्हणतो, याची ती वाट बघत होती. वर्षभर मी जे विचारत आलो होतो त्याचं उत्तर समोर लख्ख उन्हात पसरलेलं होतं.

मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आक्का हात पुसत म्हणाल्या, “चला, झालं माजं काम. उद्याच्या पयल्या गाडीनं निघते.”

“आक्का, राहा की,” शालन म्हणाली. “आता खोली आहे.”

“खोली हाय, पर काम न्हाई. मी काय बोलले हुते दिनकररावांना? इचार त्यांस्नी.”

“आक्का, असं काय करता? राहा,” मीसुद्धा म्हणालो. आणि सांगायला हरकत नाही, मनापासून म्हणालो. त्या आल्यापासून रोज कुणीतरी “कशाला?” विचारत होतं, त्याची मला गोडी लागली होती.

“न्हाई. म्हेरबानीनं ऱ्हायलं की मान्सं गोड बोलत्यात, आन् मग हळूहळू बोलायचीच बंद हुत्यात. मी बगितलंय.” त्यांनी पिशवी भरायला घेतली. शालन स्वयंपाकघरात गेली. कपबशा विसळायचा आवाज आला. सगळ्या कपबशा धुतलेल्याच होत्या.

मी मागच्या दारी गेलो आणि हळू आवाजात फोन लावला.

“गुरुजी, शेवाळे.”

“नवलकोल! झालं का रिकामं?”

“झालं. एक विचारायचं होतं. समजा, आत एक नट राहिला. नट-बोल्टमधला नट. एकच. तर?”

“तर स्टोअर आहेच. मागंच सांगितलंय. यजमान, तो नट काढा आणि मोकळे व्हा.”

“आणि तो काढलाच नाही, तर आम्हा दोघांना आत जाता येणार नाही? जन्मभर?”

गुरुजी मोठ्यानं हसले. “कमाल आहे तुमच्या घराची! घाटावर पाणी सोडायच्या आदल्या संध्याकाळी बाई एकट्या येऊन विचारून गेल्या, पाणी कुणाच्या हातून सोडलं की कुणाला लागतं. आता तुम्ही चोरून फोन करताय. दोघं एकत्र बसून कधी बोलता की नाही?”

मी “बरं” म्हणून फोन ठेवला. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. अख्ख्या नोकरीत मला कुणी असं गंडवून सही घेतली नव्हती. पण मालाची तारीफ करावी तशी मी मनात तिची तारीफ केली.

खिशात चाचपलं. माझ्या खिशात नट असतोच; ही सवय अजून गेलेली नाही. मी आत आलो. आक्का दिवाणावर बसून पिशवीचा बंद बांधत होत्या. मी रिकाम्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहिलो आणि नट आत टाकला. धुतलेल्या फरशीवर टणटण करत तो लांब गेला आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन थांबला.

आवाजानं शालन बाहेर आली. “काय टाकलंत?”

“नट.”

“आत?” तिचा चेहरा उतरला. “अहो, आत्ताशी तर रिकामी झाली होती! एवढं सगळं केलं, आणि तुम्हाला एक नट...”

“आता झालं ते झालं,” मी म्हणालो. “स्टोअर झालं पुन्हा. मला जाता येणार नाही, तुलाही नाही. रोज झाडायचं कोण? खिडकी उघडायची कोण, लावायची कोण? उजेडाची, हवेशीर खोली, आणि वर तो नट सांभाळायचा. रोजचं काम आहे. घरचं माणूस लागेल. तिथंच राहणारं.”

शालन माझ्याकडे बघत राहिली. काशीपासून इथवर तिनं सगळं मोजून आखलं होतं, पण हे तिच्या हिशेबात नव्हतं. एवढ्या वर्षांत प्रथमच मी तिच्या पुढचं पाऊल टाकलं होतं, आणि तेही एका नटाच्या जोरावर.

आक्कांनी काठी घेतली, उंबऱ्याशी आल्या आणि मान लांब करून नटाकडे बघितलं.

“कशाला लागतो ह्यो?” त्यांनी विचारलं.

“लागतो,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग धाकट्या बहिणीच्या. मग वळल्या, दिवाणावरची पिशवी उचलली, आत गेल्या आणि खिडकीशी ती ठेवून दिली.

“शालन,” त्या आतून म्हणाल्या, “हितं एक खाट लागंल.”

खाट आम्ही घोरपड्यांकडून मागून आणली. माझ्याकडच्या दोन्ही मी देऊन टाकल्या होत्या.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आक्कांची नव्वदी उलटली, तोंड तसंच खणखणीत आहे. दुपारी शालन उंबऱ्याच्या अलीकडे चटई टाकते, आक्का पलीकडे बसतात, आणि दोघींच्या गप्पा चालतात. त्यात माझा विषय निघाला की आवाज मुद्दाम मोठा होतो. मी कुणाला काय काय दिलं हे आता मला आठवतही नाही, आणि लोक समजतात मी पहिल्यापासून असाच आहे. मी त्यांचा समज दुरुस्त करत नाही.

त्या खोलीतला नट तेवढा माझा उरलाय. आजवर मी एकही वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, हातानं मोजल्याशिवाय ‘शिल्लक’ म्हटलेली नाही. पण हा बघायला मला आत जाता येत नाही. वर्षातून एकदा मी उंबऱ्यावरून विचारतो, “आक्का, आहे ना तो?”

“हाय,” आक्का कोपऱ्याकडे न बघताच म्हणतात.

मी धरून चालतो.